संग्रहालयाचे कार्यक्रम आणि आपली घरं : नरखेड तालुक्यातल्या कुटुंबांसाठी माहिती

रमजानच्या आधी घराची साफसफाई निघते. माळ्यावरची पेटी खाली येते आणि त्यात दादाजींच्या काळचे पिवळे पडलेले कागद, एखादा जुना निकाहनामा, कडा झिजलेला कुरआन शरीफ, तांब्याची सुरई, चार-दोन जुनी नाणी असं काहीतरी निघतं. मग कुणीतरी म्हणतं, “हे वाचता कुणाला येतंय? ठेवून काय करायचं?” कागद रद्दीत जातात, सुरई मोडीत जाते, कुरआन शरीफचे सुटे वरक अदबीने नदीत किंवा कब्रस्तानात थंड केले जातात. या घराचं नाव, गाव आणि सन सांगणारी कदाचित एकच ओळ त्याच वरकावर होती, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरात घडलेली आहे. म्हणून या लेखात स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाबद्दल माहिती देत आहोत. संग्रहालय लोकांसाठी कोणते कार्यक्रम घेतं, नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव या भागातल्या कुटुंबांना त्यात कसं जाता येईल, वस्तू दाखवताना काय काळजी घ्यायची आणि कायदा काय म्हणतो, हे एकेक करून पाहू. लेख जपून ठेवला तरी चालेल, मुलांच्या प्रकल्पालाही कामी येईल.

जवळचं संग्रहालय कोणतं?

आपल्यासाठी सगळ्यात जवळचं मोठं संग्रहालय म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. स्थापना १८६३ ची. त्या वेळी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल होते. देशातल्या जुन्या संग्रहालयांमध्ये त्याची गणना होते. आज ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. तिथे प्राणी-पक्षी, जीवाश्म, दगडी मूर्ती, शिलालेख, शस्त्रं, आदिवासी जीवन, चित्रं अशी वेगवेगळी दालनं आहेत. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात १८७० साली तांब्याच्या शेकडो प्राचीन वस्तूंचा साठा सापडला होता, त्यातल्या काही वस्तू इथे आहेत.

नरखेड स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर आहे. नागपूर साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. सकाळी गाडीने निघून संग्रहालय पाहून संध्याकाळी घरी परत येता येतं. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला स्टेशनपासून ऑटोने थोड्याच अंतरावर आहे. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी बंद असतो. वीस-पंचवीस मुलांना न्यायचं असेल तर शाळेच्या किंवा मदरशाच्या पत्रावर तारीख आधी कळवावी, म्हणजे सोबत माहिती सांगणारा माणूस मिळण्याची शक्यता वाढते. मुलं लहान असतील तर त्याच दिवशी मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही दाखवता येतं. ते डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं. छोट्या गाडीची इंजिनं पाहून मुलं खूश होतात.

आपल्या समाजाच्या दृष्टीने नागपुरात आणखी एक महत्त्वाची जागा आहे, पण ती फार थोड्या लोकांना माहीत आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच आहे. देशभरातल्या मस्जिदी, दर्गे, किल्ले, विहिरी, सराया आणि कब्रींवरचे अरबी, फारसी, उर्दू लेख वाचायचे, त्यांचे ठसे घ्यायचे आणि ते छापून प्रसिद्ध करायचे हे तिचं काम. या विषयाचं ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’ हे सरकारी नियतकालिक १९०७ पासून निघू लागलं. पुढे नावं बदलली, काम चालू राहिलं. डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी अनेक वर्षं या शाखेची धुरा सांभाळली आणि शेकडो शिलालेख वाचून काढले. म्हणजे आपल्या गावच्या मस्जिदीवरचा दगड वाचणारे लोक दिल्ली-हैदराबादला शोधायची गरज नाही, ते आपल्याच जिल्ह्यात आहेत.

संग्रहालयाचे कार्यक्रम म्हणजे नेमकं काय?

संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तू, एवढंच आपल्याला वाटतं. पण चांगलं संग्रहालय लोकांना बोलावतं, त्यांच्याकडून ऐकतं आणि त्यांच्या गावीही जातं. साधारणपणे पुढचे प्रकार असतात.

माहितीसह फेरी. एक जाणकार सोबत चालतो आणि वस्तूंची गोष्ट सांगतो. पंधरा-वीस लोकांचा गट असेल तर सगळ्यांना नीट ऐकू येतं.

वारसा फेरी. ही संग्रहालयाबाहेर असते. जुना बाजार, मस्जिद, मंदिर, वाडा, विहीर, घाट अशा जागा पायी फिरून पाहायच्या.

वस्तू ओळख दिवस. लोक घरची जुनी वस्तू घेऊन येतात. जाणकार ती पाहून काय आहे, कोणत्या काळची असावी, कशी जपायची ते सांगतात. वस्तू तुमच्याकडेच राहते. इथे किंमत ठरवली जात नाही, हे आधीच लक्षात ठेवावं.

आठवणींची मुलाखत. म्हाताऱ्या माणसांना बसवून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. याला मौखिक इतिहास म्हणतात.

कार्यशाळा. नाणी ओळखणं, मोडी वाचणं, शिलालेखाचा ठसा घेणं, कागद जपणं, असे विषय असतात.

फिरतं प्रदर्शन. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ सुरू केलं. बसमध्येच छोटं प्रदर्शन मांडून ती शाळांपर्यंत जाते. गावाला संग्रहालयापर्यंत जाणं जमत नसेल तर संग्रहालयाने गावात यावं, हा त्यामागचा विचार.

तारखा कोणत्या लक्षात ठेवायच्या? १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, तो १९७७ पासून पाळला जातो. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. या दिवसांत बहुतेक संग्रहालयांमध्ये काही ना काही कार्यक्रम असतो. मे महिन्यात विदर्भाचं ऊन बायका-मुलांना घेऊन फिरण्यासारखं नसतं, त्यामुळे नोव्हेंबरचा आठवडा आपल्याला बरा. पण तेव्हा संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असते, म्हणून रविवार धरावा. शिवाय या तारखा इंग्रजी कॅलेंडरच्या आहेत आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, तेही पाहूनच बेत करावा.

आपल्या तालुक्यात सांगण्यासारखं काय आहे?

“आमच्या गावात काय इतिहास?” असं लोक म्हणतात. पण नरखेड तालुक्यात सांगण्यासारखं बरंच आहे.

पहिली गोष्ट मोवाडची. वर्धा नदीकाठचं हे गाव, १८६७ साली इथे नगरपालिका झाली होती. ३० जुलै १९९१ च्या पहाटे नदीला महापूर आला आणि २०४ माणसं गेली. त्यानंतर गावाचं दुसऱ्या जागी पुनर्वसन झालं. त्या पुरात माणसांबरोबर घरं गेली, आणि घरांबरोबर फोटो, निकाहनामे, जमिनीचे कागद, शाळेचे दाखले, पिढ्यान्पिढ्यांचे कुरआन शरीफ गेले. त्या दिवशी जे वीस वर्षांचे होते ते आज पन्नाशीच्या पुढे आहेत, आणि जे पन्नाशीचे होते त्यांच्यापैकी फार थोडे उरले आहेत. जुन्या मोवाडात कोणती गल्ली कुठे होती, मस्जिद कुठे होती, कोण कुणाला हात देऊन वर ओढत होतं, हे सगळं आता फक्त त्यांच्या डोक्यात आहे. पुराने जात-धर्म पाहिला नाही आणि मदतीला धावणाऱ्यांनीही पाहिला नाही. ही आठवण लिहून ठेवणं हे सगळ्या गावाचं काम आहे, आणि त्यात आपल्या घरांचा वाटा असायला हवा.

दुसरी गोष्ट जाम नदीकाठच्या जलालखेड्याची. हे नाव ऐकलं की कुठलंही मूल विचारेल, जलाल कोण? गावातल्या वडीलधाऱ्यांकडे याचं काय उत्तर आहे ते आधी लिहून घ्यावं, खरं-खोटं अभ्यासक नंतर ठरवतील.

तिसरी गोष्ट या भागाच्या राजवटींची. आपला मुलूख देवगडच्या गोंड राजांच्या प्रभावाखाली होता. इस्लाम स्वीकारलेला गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर शहर वसवलं. त्यानंतर भोसले आले, मग इंग्रज. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे निजामाचा अंमल. म्हणून नदीच्या एका काठावरच्या घरात मोडीतले कागद मिळतात, दुसऱ्या काठावर फारसी-उर्दूतले, आणि नदीपलीकडे सोयरिकी असल्याने एकाच पेटीत दोन्हीही मिळू शकतात.

चौथी गोष्ट शेजाऱ्यांच्या नात्याची. कामठीत १८६१ साली जन्मलेले आणि १९२५ मध्ये नागपुरात विसाल झालेले ताजुद्दीन बाबा यांना राजे रघुजीराव भोसल्यांनी आपल्या शकरदऱ्याच्या वाड्यात मानाने ठेवलं होतं. नागपूर जिल्ह्याचा इतिहास असा एकमेकांत गुंतलेला आहे. तो दाखवायचा असेल तर आपल्या घरातले पुरावेही पुढे आले पाहिजेत. नाहीतर संग्रहालयात आपली ओळख फक्त तलवारी आणि नाण्यांपुरती राहील. विणकर, बागवान, तांबोळी, शिक्षक, रेल्वेत नोकरी केलेले आपले वाडवडील त्यात दिसणारच नाहीत.

पाचवी गोष्ट अलीकडची आणि मुलांना आवडणारी. २२ मे २०१२ रोजी शेजारच्या काटोल भागात आकाशातून उल्का कोसळली. तिचे तुकडे शास्त्रज्ञांनी गोळा करून तपासले. ज्यांनी तो आवाज ऐकला ते लोक आजही आपल्यात आहेत. त्यांची मुलाखत हा शाळेसाठी उत्तम प्रकल्प होईल.

जुन्या कागदावरचं सन कसं वाचायचं?

कागदावर किंवा दगडावर हिजरी सन असेल तर सोपा हिशेब असा : हिजरी सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १२५० हिजरी असेल तर १२१२ अधिक ६२२, म्हणजे १८३४ च्या आसपास. एखाद्या वर्षाचा फरक पडतो. निजामाच्या अंमलातल्या कागदांवर फसली सन असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतं, १३०० फसली म्हणजे १८९०-९१.

काही दगडांवर आकडा नसतोच, शेवटच्या ओळीत सन लपवलेलं असतं. याला तारीख काढणं म्हणतात. अरबी अक्षरांना अबजदच्या हिशेबाने किंमत असते : अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, असं करत गैन १००० पर्यंत. बिस्मिल्लाहची बेरीज ७८६ होते हे आपल्या घरातलं पोरही जाणतं, तोच हा हिशेब. ‘अहमद’ची बेरीज ५३ येते. तशीच शिलालेखातल्या शेवटच्या शब्दांची बेरीज केली की मस्जिद बांधल्याचं किंवा बुजुर्गांच्या विसालाचं सन निघतं. त्यामुळे आकडा दिसला नाही म्हणून दगड बिनकामाचा समजू नका.

मस्जिद, दर्गा आणि कब्रस्तानातले दगड

जुनी मस्जिद मोठी करताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. दारावरचा दगड काढून पायात टाकला जातो, किंवा त्यावर ऑइलपेंटचे थर चढतात आणि अक्षरं बुजतात. हे कुणी वाईट हेतूने करत नाही, पण नुकसान कायमचं होतं. मुतवल्ली आणि कमिटीच्या लोकांना आमची विनंती अशी :

काम सुरू होण्याआधी प्रत्येक लेखाचे फोटो घ्या. दुपारच्या उन्हात समोरून घेतलेला फोटो सपाट येतो. सकाळी किंवा संध्याकाळी, एका बाजूने तिरपा उजेड पडत असताना घेतला तर अक्षरं उठून दिसतात. बाजूला एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल.

अक्षरांत खडू, चुना, हळद भरू नका. तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने घासू नका.

दगड काढावाच लागला तर नव्या भिंतीत, लोकांना दिसेल अशा जागी बसवा.

ठसा स्वतः घेऊ नका. जाणकार लोक दगड धुऊन त्यावर ओला कागद चढवतात, ब्रशने थोपटून अक्षरांच्या खाचांत दाबतात आणि मग वरून शाई लावतात. खाचेतली अक्षरं पांढरी आणि बाकी कागद काळा दिसतो. सराव नसेल तर शाई दगडालाच लागते.

फोटो, गावाचं नाव आणि जागेची माहिती पत्रासोबत नागपूरच्या शिलालेख शाखेकडे पाठवा. पत्रावर मस्जिद कमिटीचा शिक्का असावा.

घरातले कागद आणि वस्तू

कुरआन शरीफचे जीर्ण वरक थंड करण्याबाबत आपल्या इमामसाहेबांना विचारावं, त्यात आम्ही काही सांगणार नाही. आमची विनंती फक्त एवढीच : त्याआधी पहिलं आणि शेवटचं पान एकदा नीट पाहा. हाताने लिहिलेली प्रत असेल तर शेवटी कातिबाचं नाव, गाव आणि सन असू शकतं. अनेक घरांत कोऱ्या पानावर मुलांच्या जन्माच्या आणि वडीलधाऱ्यांच्या इंतकालच्या तारखा लिहून ठेवत. त्या पानाचा फोटो घ्या, मग पुढचं ठरवा. हस्तलिखित असेल तर घाई करूच नका, जाणकाराला दाखवा.

कागद लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी लावू नका. घडी जबरदस्तीने उघडू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, त्यापेक्षा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा. नोंद करायची तर पेन नको, मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने करा. जुनी नाणी चिंच किंवा पावडरीने घासू नका. चमक येते, पण नाण्याचं मोल जातं.

कायदा थोडक्यात

लोक वस्तू दाखवायला घाबरतात, “सरकार घेऊन जाईल” म्हणतात. म्हणून हे समजून घ्या.

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा जास्त जुनी वस्तू पुरावशेष ठरते. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित वा दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षं. आजोबांची वस्तू घरात ठेवणं गुन्हा नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. परवान्याशिवाय पुरावशेषांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला ते परदेशात पाठवता येत नाहीत.

जमिनीत सापडलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. बागेत खड्डा खणताना नाण्यांचं मडकं निघालं तर ते वाटून घेऊ नका, तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.

संग्रहालयाला वस्तू द्यायची तर आधी विचारा, दान की उसनी? दान दिलेली वस्तू परत येत नाही. उसनी दिली तर किती दिवसांसाठी ते लिहून घ्या. दोन्ही वेळी फोटो, वर्णन, तारीख, सही-शिक्का असलेली पावती घ्या. नुसता स्कॅन किंवा फोटो देऊन मूळ कागद घरी ठेवता येतो, आणि बहुतेक घरांसाठी हाच मार्ग चांगला आहे. जमीन, वक्फ किंवा वारसाचा वाद चालू असलेला मूळ कागद कुणालाही देऊ नका.

गावातच कार्यक्रम करायचा असेल तर

संग्रहालय नाही म्हणून थांबायची गरज नाही. शाळेची एक खोली, वाचनालय किंवा शादीखाना पुरे.

एका रविवारी ‘आमच्या घरची एक जुनी वस्तू’ असा दिवस ठेवा. जुम्याला जाहीर करा आणि सगळ्या समाजांना बोलवा. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी : काय आहे, कुणाची, किती वर्षांपासून घरात. दोन पोरं मोबाइलवर फोटो घेतील, एक जण वहीत नोंद करेल. वस्तू त्याच दिवशी मालकाच्या हातात परत.

बायकांसाठी बसायची नीट व्यवस्था आणि सोयीची वेळ ठेवा. घराचा खरा इतिहास दादी-नानीकडे असतो. लग्नातली गाणी, पदार्थ, नाती, कोण कुठून आलं, हे पुरुषांना निम्मंही माहीत नसतं. त्यांची मुलाखत नातीने किंवा सुनेने घेतली तर त्या मोकळ्या बोलतात.

मुलाखतीआधी परवानगी घ्या आणि ती रेकॉर्डही करा. आवाज चालेल पण फोटो नको, असं कुणी म्हटलं तर ऐका. एका वेळी पाऊण तास पुरे. “पूर कसा आला?” असं एकदम विचारण्यापेक्षा “त्या रात्री घरात कोण कोण होतं?” इथून सुरू करा. माणूस रडू लागला तर थांबा, पाणी द्या, रेकॉर्डिंग बंद करा. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. मोवाडच्या पुराने हाच धडा दिला आहे की सगळं एका पेटीत ठेवू नये.

मोवाडच्या आठवणींसाठी ३० जुलैच्या आसपासचा दिवस योग्य. तेव्हा माणसं तशीही एकत्र येतात. जुन्या गावाचा नकाशा मोठ्या कागदावर काढायला वडीलधाऱ्यांना बसवा. एक जण विहीर दाखवेल, दुसरा म्हणेल तिच्या बाजूला आमचं घर. अशा एका दुपारी जेवढं जमा होईल तेवढं पुढच्या दहा वर्षांत शोधूनही मिळणार नाही.

पुढच्या वेळी पेटी उघडाल तेव्हा रद्दीवाल्याला बोलावण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलवा. एक कागद त्यांच्या हातात द्या आणि विचारा, “हे कुणाचं?” ते जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा. अल्लाह आपल्या बुजुर्गांना सेहत आणि लांब उमर देवो.